कयफाचे गणित आणि मेंढपाळाचे गणित



दिवाळीच्या सुटीत आपल्या धर्मग्रामातील एक मुलगा गावी आला होता. तो पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रविवारची मिस्सा संपल्यावर तो चहासाठी थांबला आणि लॅपटॉप उघडून त्याने मला एक चित्र दाखवले. पडद्यावर शेकडो ठिपके होते आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा. "फादर, हे एक नेटवर्क आहे. इंटरनेटचे जाळे समजा. आता बघा," असे म्हणून त्याने एक ठिपका पुसला. जाळे होते तसेच राहिले. त्याने दुसरा पुसला, तिसरा पुसला; काही फरक पडला नाही. मग ज्याला खूप रेघा जोडलेल्या होत्या असे चार-पाच ठिपके त्याने पुसले, आणि पाहता पाहता जाळ्याचे तुकडे झाले. "म्हणजे फादर, थोडेच ठिपके महत्त्वाचे असतात. बाकीचे असले काय अन् नसले काय!"

तो निरागसपणे बोलला होता. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. त्याच महिन्यात माझ्या हातून एक चूक घडली होती, तिच्यावर त्या वाक्याने नेमके बोट ठेवले. ती चूक शेवटी सांगतो. आधी हे जाळ्याचे गणित काय आहे ते पाहू. कारण ते आपल्या शेतात, आपल्या विजेत आणि आपल्या रानातही आहे.

ठिपके आणि रेघा

या गणिताची सुरुवात एका साध्या प्रश्नाने झाली. क्योनिग्सबर्ग शहरात नदीवर सात पूल होते. प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन साऱ्या शहराचा फेरफटका मारता येईल का, असे लोक एकमेकांना विचारत. १७३६ मध्ये गणितज्ञ ऑयलर याने जमिनीच्या तुकड्यांना ठिपके मानले, पुलांना रेघा मानले आणि असा फेरफटका शक्य नाही हे सिद्ध करून दाखवले. घरे, रस्ते, माणसे सगळे त्याने बाजूला ठेवले. फक्त कोण कोणाला जोडलेले आहे एवढेच पाहिले. या गणिताचे बळ यात आहे. त्याची मर्यादाही यातच आहे, हे पुढे लक्षात येईल.

आज निसर्गाचा अभ्यास करणारेही असेच ठिपके आणि रेघा काढतात. ज्वारी उंदीर खातो, उंदराला घुबड आणि धामण खातात. ही झाली अन्नाची जाळी. जंगलांचेही जाळे असते. आपल्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आला होता. आपल्याला वाटते, येडशीचे रान वेगळे आणि टिपेश्वरचे वेगळे. वाघाच्या पायांनी मात्र दोन्ही जोडून दाखवली. अभ्यासक अशा वेळी रानांना ठिपके मानतात आणि ओढ्याकाठच्या झाडीला, डोंगरांच्या रांगांना रेघा.

पूर्वी अभ्यासकांचा साधारण समज असा होता की निसर्ग जितका गुंतागुंतीचा, तितका तो टिकाऊ. १९७२ मध्ये रॉबर्ट मे या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने गणिताने वेगळेच दाखवले. त्याने कागदावर अशी जाळी मांडली की जिच्यात कोण कोणाला जोडलेले आहे ते निव्वळ योगायोगाने ठरते. अशा जाळ्यात प्राण्यांच्या जाती, त्यांच्यातील धागे आणि त्या धाग्यांचा जोर एका मर्यादेपलीकडे वाढला, की एक लहानसा धक्काही सगळे ढासळवू शकतो. मग खरा निसर्ग टिकून कसा आहे? कारण तो योगायोगाने विणलेला नाही. १९९८ मध्ये केविन मॅककॅन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की निसर्गात पुष्कळ धागे अगदी हलके असतात आणि हे हलके धागेच मोठे हेलकावे शांत करतात.

१९९९ मध्ये आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका आल्बर्ट या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट मांडली. अनेक जाळ्यांत बहुतेक ठिपक्यांना थोड्याच रेघा असतात आणि मोजक्या ठिपक्यांना भरमसाट. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले की अशा जाळ्यातून वाटेल तो ठिपका काढला तर सहसा काही बिघडत नाही. पण मोजके मोठे ठिपके निवडून काढले तर जाळे कोसळते. त्या मुलाने चहा पिता पिता मला दाखवले ते हेच.

ही विद्या आपल्याला परकी नाही. पुण्याचे माधव गाडगीळ यांनी हार्वर्ड विद्यापीठात गणिताच्या अंगाने निसर्गाचा अभ्यास करून १९६९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पण भारतात परतल्यावर ते कागदावर थांबले नाहीत. वा. द. वर्तक यांच्याबरोबर त्यांनी सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या, गावकऱ्यांशी बोलले. आकडा कागदावर मांडायचा आणि मग त्याच्यापर्यंत चालत जायचे, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू या.

माझ्या एका मोटारीने काय होते?

शेतकऱ्याला जाळे समजावून सांगायला लॅपटॉप लागत नाही. डीपी पुरेशी आहे.

एका डीपीवर शिवारातल्या कितीतरी मोटारी चालतात. वीज रात्री-अपरात्री येते. अंधारात, विंचू-काट्यातून विहिरीपर्यंत जायला नको म्हणून शेतकरी ऑटोस्विच बसवतो. यात त्याचे काय चुकले? जिवाची काळजी घेणे हे पाप नाही. पण गेलेली वीज परत येते तेव्हा सगळ्या ऑटोस्विचच्या मोटारी एका क्षणी सुरू होतात. चालू मोटारीला लागते त्याच्या कितीतरी पट वीज ती सुरू होताना ओढते. डीपीला हा भार सोसत नाही आणि ती जळते. मग आठ-आठ दिवस सगळे शिवार पाण्यावाचून. हरभरा माना टाकतो. ज्याने ऑटोस्विच बसवला नव्हता त्याचाही. प्रत्येकजण म्हणतो, "माझी एकट्याची पाच एचपीची मोटार, तिने काय होते?" तो खोटे बोलत नाही. त्याच्या एकट्याच्या मोटारीने खरोखरच काही झाले नसते.

हीच गोष्ट देशाच्या पातळीवर घडली. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताची ग्रीड कोसळली आणि दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी, उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन विभागांच्या ग्रीड एकदम बंद पडल्या. सुमारे ६० कोटी लोक राहतात तो प्रदेश विजेवाचून होता. काही वाहिन्या आधीच बंद होत्या, काही राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. बीना ते ग्वाल्हेर या वाहिनीवर भार वाढला, ती ट्रिप झाली. तिचा भार दुसरीवर गेला, दुसरीचा तिसरीवर. एका वाहिनीचे दुखणे शेकडो मैल पसरले. नंतर ३१ डिसेंबर २०१३ रोजी आपल्या शेजारच्या सोलापूरपासून रायचूरपर्यंतची ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रीडही बाकीच्या देशाला जोडली गेली. आज कळंबच्या विहिरीवरची मोटार आणि केरळातल्या देवळातला दिवा एकाच ठेक्यावर, सेकंदाला पन्नास आवर्तनांवर चालतात.

आता रानातले उदाहरण घ्या. पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल, गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की आकाशातून गिधाडे उतरत. ती गेली कुठे? गुरांना ताप आला, सांधे दुखू लागले तर डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिले जाई. तेच औषध, जे आपण गुडघेदुखीवर घेतो. औषध दिल्यावर लवकरच जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती मरत. हे कारण २००४ मध्ये उघड झाले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या हजारातून एकावर आली होती.

इथे गणिताने एक धक्कादायक गोष्ट दाखवली. ऱ्हीस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हिशेब मांडला की एवढा संहार व्हायला शंभरातल्या एकापेक्षाही कमी मृत जनावरांत ते औषध पुरेसे आहे. कारण एका जनावरावर गिधाडांचा थवा बसतो आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. ९९ शेतकऱ्यांनी इंजेक्शन दिले नाही तरी एकाचे पुरले. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पण तोवर मढी उघड्यावर कुजू लागली होती, पाण्यात घाण जात होती आणि मोकाट कुत्री वाढली होती. अनंत सुदर्शन आणि इयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा माणसे दगावली.

आता सांगा, यात पापी कोण? दुखणाऱ्या बैलाला आराम पडावा म्हणून इंजेक्शन देणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात दयाच होती. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की जे माणसाला कळणे शक्यच नव्हते त्या अज्ञानाचा दोष त्याच्यावर येत नाही. पण जे त्याने जाणून घ्यायला हवे होते आणि घेतले नाही, त्याचा दोष येतो. म्हणून १९९५ मध्ये दिलेले इंजेक्शन आणि आज जाणूनबुजून दिलेले इंजेक्शन, सुई तीच असली तरी, नीतीच्या दृष्टीने एकच कृत्य नाही. मधल्या काळात आपल्याला कळले आहे.

जाळ्याचे गणित आपल्यासाठी एवढे मोठे काम करते. ते आपल्याला दोषी ठरवत नाही, पण "मला काय ठाऊक?" ही सबब काढून घेते. माझा हात मला दिसतो त्यापेक्षा लांब पोचतो, हे ते दाखवते. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात 'पापाच्या रचना' असा शब्द वापरला. अशा रचना आभाळातून पडत नाहीत. माणसांच्या लहान लहान निवडींतून त्या उभ्या राहतात आणि मग सगळ्यांनाच जखडतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सृष्टीविषयी लिहिलेल्या परिपत्रकात तर सारे काही एकमेकांशी जोडलेले आहे, हे सूत्र पुन्हा पुन्हा येते. म्हणून डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून मोटारी पाळीपाळीने सुरू करायचे ठरवले तर ती केवळ विजेची व्यवस्था होत नाही. ते शेजारधर्माचे पालन आहे.

कयफाचा सल्ला

इथवर गणित आणि धर्म हातात हात घालून चालले. पण त्या मुलाचे वाक्य अजून शिल्लक आहे. "बाकीचे असले काय अन् नसले काय!"

अशा वेळी आपण धर्मगुरू एक सोपे उत्तर देतो. आम्ही म्हणतो, "बघा, गिधाडासारखा ओंगळ वाटणारा पक्षीसुद्धा किती उपयोगी निघाला! म्हणून कोणालाही कमी लेखू नका." मीसुद्धा असे प्रवचन केले आहे. आज मला त्यात एक खोट दिसते. समजा, गिधाड उपयोगी निघाले नसते तर? समजा, एखादा जीव खरोखरच असा असेल की तो गेल्याने जाळ्याला काही होत नाही? गणित तर सांगते की असे पुष्कळ असतात. दुर्बलांची बाजू आपण फक्त त्यांच्या उपयोगाच्या जोरावर मांडली, तर ज्या दिवशी उपयोग नाही असे सिद्ध होईल त्या दिवशी आपल्याकडे बोलायला काहीच उरणार नाही. मघाशी मी हलक्या धाग्यांचे कौतुक केले, तेही शेवटी उपयोगाचेच बोलणे होते.

आणि हे फक्त पक्ष्यांबद्दल नाही. तांड्यावर जाणारी एसटी बंद करताना विचारले जाते, "प्रवासी किती?" वाहिनीच्या शेवटच्या खांबावरचे घर आठवडाभर अंधारात असते, कारण तिथे एकच मीटर आहे. घरात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून कोणी बोलत नाही, पण मनात हिशेब चाललेला असतो.

हा हिशेब शुभवर्तमानात एकाने उघडपणे मांडला आहे. लाजरसाला येशूने उठवल्यानंतर लोक त्याच्यामागे जाऊ लागले. रोमन येतील आणि आपले मंदिर आणि राष्ट्र दोन्ही नष्ट करतील या भीतीने सभा बसली. तेव्हा प्रमुख याजक कयफा याने सल्ला दिला, की सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरणे आपल्या हिताचे आहे. नीट पाहा, कयफा वेडा नव्हता. तो आकडेमोड करत होता. एक ठिपका पुसला तर जाळे वाचते. त्याच्या गणितात चूक काढणे कठीण आहे. आणि त्या गणिताने जो ठिपका पुसायला निवडला, तो देवाचा पुत्र होता.

नव्याण्णव सोडून एकामागे

प्रभू येशूने दुसरे गणित शिकवले. शंभर मेंढरांतले एक हरवले तर मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधात जातो. आपल्या माळावरच्या धनगराला विचारा. संध्याकाळी मेंढरे वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात कोंडताना तो मोजतो. एक कमी भरले तर त्याला घास गोड लागत नाही. एका मेंढराने कळप मोडत नाही हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते. तरी तो कंदील घेऊन निघतो. कळपासाठी नाही, त्या मेंढरासाठी.

कोणी विचारील, "फादर, मग इंजिनिअरने काय करावे? पैसा थोडा, माणसे थोडी. त्याने आधी मोठे सबस्टेशन सांभाळू नये का?" जरूर सांभाळावे. ज्यावर हजार घरे अवलंबून आहेत ते आधी दुरुस्त करणे हा अन्याय नाही, ते त्याचे कर्तव्य आहे. कधी कधी धागा तोडावाही लागतो. ३१ जुलै २०१२ ला पश्चिम विभागाची ग्रीड बाकीच्यांपासून वेगळी झाली, म्हणून आपला महाराष्ट्र त्या अंधारातून वाचला. पण तार तोडली जाते ती पुन्हा जोडण्यासाठी. आणि तार म्हणजे माणूस नव्हे.

सेमिनरीत आम्हाला कान्ट शिकवला जाई. १७८५ च्या एका ग्रंथात त्याने किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. ज्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते. ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. आणि माणसाला प्रतिष्ठा असते. ख्रिस्तसभेची शिकवण आणखी पुढे जाते. अक्वायनस म्हणतात की देवाचा चांगुलपणा एकट्या कोणत्याही जिवात मावत नाही, म्हणून देवाने नाना तऱ्हेचे जीव निर्माण केले. पोप फ्रान्सिस यांनीही आठवण करून दिली की माणसाला उपयोग असो वा नसो, प्रत्येक जिवाला देवासमोर स्वतःचे मोल आहे. मग जो माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, त्याची तर गोष्टच सोडा.

म्हणून मी त्या मुलाला उत्तर देईन ते असे: तुझे चित्र खरे आहे. जाळे कसे टिकते हे त्याने मला शिकवले, आणि आधी कुठे धावायचे हे ठरवायला ते उपयोगी पडेल. पण ऑयलरने पूल मोजताना माणसे बाजूला ठेवली होती, हे विसरू नकोस. चित्र काढण्यापूर्वीच जे बाजूला ठेवले, त्याची किंमत ते चित्र सांगू शकत नाही. रेघ माझ्यापासून कोणापर्यंत जाते हे गणित सांगेल. त्या टोकाला जो बसला आहे तो कोण, हे पाहायला मला चालत जावे लागेल.

शेवटचा बाक

आता माझी चूक.

आपल्या धर्मग्रामातही मोठे ठिपके आहेत. गायनवृंदाची जबाबदारी घेणारी ताई, मुलांना धर्मशिक्षण देणारे सर, सणाला मांडव घालणारे भाऊ. त्यांपैकी एकजण रविवारी दिसला नाही की माझा जीव खालीवर होतो. मिस्सा सुरू होण्यापूर्वीच मी फोन करतो.

शेवटच्या बाकावर एक आजी बसायच्या. सगळ्यांच्या आधी यायच्या, हळू आवाजात जपमाळ म्हणायच्या, ख्रिस्तशरीर घ्यायच्या आणि निघून जायच्या. कोणत्या मंडळात नाहीत, मोबाईलच्या ग्रुपवर नाहीत. पावसाळ्यात त्यांची जागा रिकामी राहिली. पहिल्या रविवारी माझ्या लक्षात आले नाही. दुसऱ्या रविवारी आले, पण पाऊस आहे असे मी मनाशी म्हटले. असे पाच रविवार गेले. मिस्सा थांबली नाही, गाणी थांबली नाहीत, दानपेटीत फरक पडला नाही. एक ठिपका पुसला गेला आणि जाळे होते तसेच राहिले.

सहाव्या आठवड्यात बाजारात कोणीतरी सहज सांगितले, तेव्हा मी गेलो. न्हाणीत पाय घसरून पडल्याने त्यांच्या खुब्याला जबर मार बसला होता. महिनाभर त्या अंथरुणावर होत्या. शेजारच्या घरातली सून दोन वेळची भाकरी आणून देत होती, त्यांना उठवून बसवत होती. ती सून आपल्या धर्माची नाही. प्रभूने सांगितलेला शोमरोनी माणूस मला त्या ओट्यावर भेटला; आणि वाट सोडून पुढे निघून गेलेला याजक कोण, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी माफी मागितली तर आजी म्हणाल्या, "असू द्या फादर. तुमच्यामागं किती कामं. मी नसले तर कुणाचं काय अडतंय?"

बंधुभगिनींनो, तेच वाक्य. मुलगा लॅपटॉपकडे बघून बोलला आणि आजी स्वतःबद्दल बोलल्या. पाच रविवारांत आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना ते शिकवले होते. कोणाच्याही मनात वाईट नव्हते, जसे डीपीवरच्या एकाही शेतकऱ्याच्या मनात नसते. मला वाटले, कोणी ना कोणी गेले असेल. तुम्हाला वाटले, फादर गेले असतील.

आजी आता काठी घेऊन चालतात. मी दर शुक्रवारी त्यांना ख्रिस्तशरीर द्यायला जातो. पण हे लिहिण्याचे कारण तेवढेच नाही. येत्या रविवारपासून आपण एक लहान गोष्ट करू या. शांतिचिन्ह देताना आपण शेजाऱ्याला हात जोडतो, तेव्हा आज कोण आले नाही हेही पाहू या. प्रत्येक कुटुंबाने आपल्या बाकाच्या मागचा आणि पुढचा बाक लक्षात ठेवावा. सलग दोन रविवार कोणी दिसले नाही तर वाट न बघता त्यांच्या घरी जावे. मला सांगितले नाही तरी चालेल. जावे मात्र नक्की.

आणि ज्यांच्या शेतात एका डीपीवर मोटारी आहेत त्यांनी हा रब्बी हंगाम संपायच्या आत एकदा एकत्र बसावे. जागा हवी असेल तर चर्चचा ओटा मोकळा आहे. कोणत्याही धर्माचा शेतकरी चालेल, कारण डीपी सगळ्यांची एकच आहे.

प्रभो येशू, कयफाच्या हिशेबात तू पुसला गेलास आणि पित्याने तुला उठवले. आमचा हात कुठवर पोचतो हे आम्हाला दाखव. जो नसल्याने आमचे काही अडत नाही, त्याच्या दारापर्यंत आमचे पाय ने. आमेन.

आपला,
फादर